घरातून ऑनलाइन विक्री: कोणता खर्च वजा होतो, कोणता नाही आणि गोव्यात काय वेगळे

प्रश्न असा आहे: फोंडा तालुक्यातल्या घरातून काजू, सोलां (आमसुले), लोणची आणि विणलेल्या पिशव्या विकल्या जातात, काही माल अ‍ॅमेझॉनसारख्या संकेतस्थळावर आणि काही व्हॉट्सअ‍ॅपवर. वर्षाची विक्री १८ लाखांच्या आसपास, पती नोकरीत. घराची वीज, इंटरनेट, स्कूटरचे पेट्रोल, पॅकिंग, कमिशन यांतले काय काय नफ्यातून वजा करता येईल?

सगळेच करता येईल, पण सगळे पूर्ण नाही. पॅकिंग, कुरियर, कमिशन पूर्ण. वीज, इंटरनेट, पेट्रोल धंद्याच्या वाट्यापुरते. आयकर कायद्याच्या कलम ३७(१) ची कसोटी साधी आहे: खर्च केवळ धंद्यासाठी झालेला हवा, घरगुती नको, भांडवली नको आणि कायद्याने मनाई असलेल्या गोष्टीसाठी नको. खरे काम पुढे असते, धंद्याचा खर्च घरखर्चातून वेगळा काढून दाखवण्याचे. इथली कलमे १९६१ च्या कायद्यातली आणि आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा कायदा लागतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, खर्चाची तत्त्वे तीच राहिली.

एक गैरसमज आधीच दूर करतो. नव्या करप्रणालीत वजावटी मिळत नाहीत, हे ८०सी (विमा, पीपीएफसारखी गुंतवणूक) वगैरेंबद्दल खरे आहे. धंद्याचा खर्च ही त्या अर्थाने वजावट नव्हे. तो वजा केल्यावरच नफा ठरतो. त्यामुळे जुनी प्रणाली असो वा नवी, तो मिळतोच.

खर्चाच्या यादीला हात घालण्यापूर्वी कलम ४४एडी घ्यायचे का, ते ठरवा. वार्षिक उलाढाल २ कोटींपर्यंत (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) असलेल्या छोट्या धंद्याला बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरून रिटर्न भरता येते. संकेतस्थळाने ग्राहकाच्या दारात रोख घेऊन तुमच्या खात्यात पाठवलेला पैसा तुमच्यापुरता बँकेतूनच आलेला असतो. या मार्गाने गेलात तर सगळे खर्च, घसाऱ्यासकट (वस्तू वापराने झिजते त्यापोटीची दरवर्षीची वजावट), आधीच मिळाले असे धरले जाते. वर आणखी वीजबिल लावता येत नाही.

१८ लाखांवर ६ टक्के म्हणजे १ लाख ८ हजार. मोह इथेच होतो. ६ टक्के ही किमान पातळी आहे. त्याहून जास्त कमावले असेल तर जास्त दाखवायचे, अशी कलमाची रचना आहे. वर्षाअखेर खात्यात ५ लाख उरले, त्यातून मुदत ठेव झाली, आणि रिटर्नमध्ये मात्र १ लाख ८ हजार, हा मेळ पुढे कोणालाच घालता येत नाही. दुसरी अट: एकदा ४४एडी घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत मधेच सोडले, तर त्यानंतर पाच वर्षे ते परत मिळत नाही, त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर हिशेब ठेवून ऑडिटही करावे लागते. दुसऱ्याचा माल विकून फक्त कमिशन मिळत असेल, तर त्या उत्पन्नाला ४४एडी मुळातच लागत नाही. घरगुती खाद्यपदार्थ आणि विणकामात नफा साधारण ६ टक्क्यांपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून माझे मत प्रत्यक्ष हिशेबाच्या बाजूने आहे. शिवाय व्यक्तीचे धंद्याचे उत्पन्न मागच्या तीनपैकी एका वर्षी अडीच लाखांवर किंवा उलाढाल २५ लाखांवर गेली असेल, तर प्रत्यक्ष हिशेबात वह्या ठेवणे बंधनकारकच आहे.

आता गोव्याची गोष्ट. बाहेरचे कर सल्लागार आणि तयार सॉफ्टवेअर नेमके इथे चुकतात. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. आयकर कायद्याचे कलम ५ए, जे १९९४ च्या वित्त कायद्याने आणून १ एप्रिल १९६३ पासून लागू धरले, सांगते की अशा जोडप्याचे पगार सोडून बाकीचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचे. पगार ज्याचा त्याचाच राहतो. धंद्याचा नफा मात्र वाटला जातो, नोंदणी कोणाच्याही नावावर असो.

याचा खर्चाशी संबंध काय? नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, म्हणून अनेक जणी खर्चाच्या पावत्यांकडे लक्षच देत नाहीत. समजा नफा ५ लाख आणि पतीचा करपात्र पगार १३ लाख. अडीच लाख तुमच्याकडे राहिले, त्यावर कर शून्य. उरलेले अडीच लाख पतीच्या १३ लाखांवर चढले, १५ टक्क्यांच्या टप्प्यात. कर ३७,५०० आणि ४ टक्के उपकर धरून ३९,०००. आता ६० हजारांचे खरे खर्च पावत्या नाहीत म्हणून सुटले, तर त्यातले ३० हजार पतीच्या हिश्श्यात नफा म्हणून बसतात आणि ४,६८० रुपये विनाकारण जातात. कर एकाच्याच रिटर्नमध्ये दिसतो, पण पैसा घरातलाच.

वाटणीचा क्रम पक्का ध्यानात ठेवा: आधी सगळे खर्च वजा, मग उरलेला नफा निम्मा. पतीने आपल्या रिटर्नमध्ये वेगळे पेट्रोल किंवा वीज लावायची नाही. दोघांच्याही रिटर्नमध्ये ‘शेड्यूल ५ए’ भरावे लागते: जोडीदाराचे नाव, पॅन, प्रत्येक सदरातले उत्पन्न, त्यातला जोडीदाराचा हिस्सा आणि टीडीएसचाही (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेल्या आयकराचाही) हिस्सा. तुमच्या पॅनवर कापलेला टीडीएस पूर्ण तुम्हीच घेतला आणि उत्पन्न निम्मेच दाखवले, तर जुळणीत अडकते. आणि ज्यांना ५ए लागते त्यांना ‘सुगम’ म्हणजे आयटीआर-४ वापरता येत नाही. ४४एडी घेतले तरी तुमचा फॉर्म आयटीआर-३.

याच सामाईक मालमत्तेमुळे आणखी दोन कल्पना बाद होतात. पतीला घरभाडे देऊन ते खर्चात टाकणे, आणि मदत करतो म्हणून त्याला पगार दाखवणे. घर दोघांचे, नफा दोघांचा. स्वतःचा पगार तर मालकाला कुठेच खर्चात टाकता येत नाही. घरखर्चासाठी खात्यातून काढलेली रक्कम ही उचल असते.

कमिशनचा हिशेब करताना बहुतेकांची चूक पहिल्याच ओळीत होते: बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री, असे धरले जाते. एक ऑर्डर घेऊन पाहू. जीएसटीसह किंमत १,०५०, त्यात माल १,००० आणि कर ५०. संकेतस्थळाने कमिशन १६० आणि पाठवणी ८० असे २४० कापले, त्यावर १८ टक्के जीएसटी ४३.२०, जीएसटीचा टीसीएस (संकेतस्थळाने कापून सरकारकडे भरलेला हिस्सा) ०.५ टक्का म्हणजे ५, आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का म्हणजे १ रुपया. हातात ७६०.८०. हिशेबात मात्र विक्री १,०००, खर्च २४०. ४३.२० चे इनपुट क्रेडिट मिळते (तुम्हाला भरायच्या जीएसटीतून ते वळते होतात), म्हणून तो खर्च नव्हे. ५ रुपये जीएसटीच्या रोख खातेवहीत जमा होतात. १ रुपया २६एएसमध्ये (पॅनवर जमा कराच्या सरकारी पत्रकात) दिसतो आणि करातून वळता होतो. ५० रुपये सरकारला देणे.

७६०.८० ही विक्री लिहिली तर उलाढाल कमी दिसते, आणि एआयएसमध्ये (आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात) सरकारकडे एकूण विक्रीचा आकडा आधीच असतो. उलट काही जण विक्री ७६०.८० लिहून वर कमिशन २४० परत खर्चात टाकतात; तो सरळ दुहेरी खर्च झाला. १८ लाखांची विक्री असताना बँकेत जेमतेम १३ लाख ७० हजार दिसू शकतात. मधला फरक म्हणजे तुमचा खर्च आणि वळते होणारे कर. संकेतस्थळावरचा सेटलमेंट अहवाल आणि कमिशनची बिले दर महिन्याला उतरवून ठेवा. वर्षाअखेर एकदम काढायला गेलात की एखादा महिना सापडत नाही. उशिरा माल पाठवल्याबद्दल संकेतस्थळाने लावलेला दंड कराराचा भाग असतो, तो खर्चात चालतो. परत आलेल्या मालाची किंमत विक्रीतून वजा करा, खर्चात नको. दोन्ही बाजूंचे कुरियर मात्र खर्चात.

टीडीएसबद्दल एवढेच: व्यक्तीची त्या संकेतस्थळावरची विक्री वर्षाला ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर तो कापला जात नाही. पॅन नसेल तर ५ टक्के जातात. जीएसटी नोंदणीची ४० लाखांची मर्यादा गोव्याला लागू आहे, पण ती गोव्यातल्या गोव्यात विकणाऱ्यांसाठी. मुंबईला काजू पाठवला की आंतरराज्य विक्री, नोंदणी पहिल्या पार्सलपासून. हस्तकलेच्या काही वस्तूंना यातून सूट आहे, खाद्यपदार्थांना नाही. नोंदणी नसेल तर खरेदीवर भरलेला जीएसटी खर्चाच्या रकमेतच राहतो. नोंदणी असेल आणि क्रेडिट घेतले, तर तोच जीएसटी परत खर्चात येत नाही.

मालाचा खर्च म्हणजे वर्षभराची खरेदी नव्हे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, उणे ३१ मार्चचा उरलेला साठा. काजूचा हंगाम मार्चच्या आसपास जोरात असतो. ३१ मार्चला घरात दीड लाखाचा माल पडून असेल, तर तो त्या वर्षीचा खर्च नाही. त्या दिवशी वजन करा, विणलेल्या पिशव्या मोजा, खरेदीच्या किमतीने यादी करा आणि तारीख घालून सही करा. साठा खरेदीची किंमत किंवा विकून मिळू शकेल ती किंमत, यांतली कमी असेल त्या दराने धरायचा.

पावसाळ्यात माल दमटतो, सोलांना बुरशी येते, काजू मऊ पडतो. खराब झालेला माल वेगळा खर्च म्हणून टाकायची गरज नाही, तो उरलेल्या साठ्यात न धरल्याने आपोआप नफ्यातून जातो. पण तो गेला हे दाखवता आले पाहिजे: तारीख, वजन, खरेदीची किंमत, कारण आणि तारखेसह फोटो. जीएसटी नोंदणी असेल तर टाकून दिलेल्या मालावरचे क्रेडिट परत करावे लागते, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. दमट हवेविरुद्ध घेतलेल्या सिलिका जेलच्या पुड्या आणि जाड पिशव्या, हा पॅकिंगचा सरळ खर्च.

रोख खरेदीवर कलम ४०ए(३) ची तलवार आहे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिले की तो पूर्ण खर्च नाकारला जातो, फक्त वरचा भाग नव्हे. मालवाहतूकदाराला ही मर्यादा ३५,००० आहे. म्हापशाच्या बाजारात व्यापाऱ्याकडून १८ हजारांचा काजू रोखीने घेतला, तर १८ हजारच गेले. दोन पावत्या करून उपयोग नाही, दिवसाची बेरीज धरतात. पण सत्तरीतल्या बागायतदाराकडून त्याच्याच बागेतला काजू तेवढ्याच रोखीने घेतला, तर नियम ६डीडी नुसार चालते, कारण तो स्वतः पिकवणारा आहे. विजेशिवाय चालणाऱ्या कुटिरोद्योगातल्या वस्तू बनवणाऱ्याकडूनच घेतल्या, तर त्यालाही अशीच सूट आहे. अशा खरेदीला पक्के बिल मिळत नाही, म्हणून स्वतःच व्हाउचर करा: नाव, गाव, फोन, माल, वजन, दर, रक्कम, तारीख, सही. ‘बाजार खरेदी ७,५००’ एवढीच ओळ तपासणीत टिकत नाही.

आता घराचा वाटा. घरातल्या ऑफिससाठी ठरावीक रक्कम वजा करा, अशी सूत्रे इंटरनेटवर सापडतात; ती परदेशातली आहेत. आपल्याकडे असा ठरलेला दर नाही. कलम ३८ म्हणते, धंद्याला जेवढा भाग वापरला तेवढा वाजवी हिस्सा. म्हणून आधार तुम्हीच तयार करायचा. ११० चौरस मीटरच्या घरात ११ चौरस मीटरची एक खोली फक्त साठा आणि पॅकिंगला असेल, तर भाडे, पंचायतीची घरपट्टी, दुरुस्ती आणि विमा यांचा १० टक्के. भाडे अर्थात भाड्याच्या घरातच. त्या खोलीत रात्री कोणी झोपत असेल, तर १० टक्के धरू नका. घर स्वतःचे असेल तर काल्पनिक भाडे लावता येत नाही. त्या भागावर घसारा काढता येतो, पण राहत्या घराचा दर ५ टक्के, तोही जमीन वगळून बांधकामाच्या किमतीवर. जुन्या वडिलोपार्जित घरात बांधकामाची मूळ किंमत सापडतच नाही. तिथे नाद सोडावा.

विजेला क्षेत्रफळ लावणे चुकीचे, कारण फ्रीज आणि शिलाई मशीन क्षेत्रफळ पाहून वीज खात नाहीत. उपकरणावरून काढा. पंखा ६० वॉट आणि दिवा २० वॉट आठ तास, लॅपटॉप ६० वॉट पाच तास: दिवसाला सुमारे ०.९४ युनिट, महिन्यात २६ दिवस धरले तर २४ युनिट. फक्त मालासाठी ठेवलेला डीप फ्रीझर दिवसाला दीड युनिट खात असेल तर ४५. एकूण ६९. घराचे बिल २३० युनिटचे असेल तर वाटा ३० टक्के. हा हिशेब एका कागदावर मांडून वर्षाच्या फाइलला लावा आणि वर्षभर तोच वापरा. फ्रीझरसाठी वेगळा सबमीटर बसवला तर वाद उरतच नाही. बिल अजून सासऱ्यांच्या किंवा हयात नसलेल्या आजोबांच्या नावाने येते, ही इथली नेहमीची अडचण. नाव कोणाचेही असो, बिल तुमच्या खात्यातून भरलेले दिसले आणि धंदा त्या पत्त्यावर नोंदलेला असला, तर तुमचा वाटा मागता येतो.

फोनसाठी वेगळे सिम घ्या, विषय संपला. इंटरनेट घरात सगळेच वापरतात. निम्म्याहून जास्त वाटा मागणार असाल तर कारण तयार ठेवा. स्कूटरला वही हवी: तारीख, कुठे, किती किलोमीटर, कशासाठी. फोंड्याच्या टपाल कार्यालयात पार्सल टाकायला गेलेले सहा किलोमीटर चालतात. येताना मुलाला शाळेतून आणले तर तो फेरा धंद्याचा नाही. वर्षाचे धंद्याचे किलोमीटर भागिले एकूण किलोमीटर, तेवढा हिस्सा पेट्रोल, दुरुस्ती, विमा आणि घसाऱ्याला. वाहतूक पोलिसांचा दंड यात येत नाही.

लॅपटॉप, फ्रीझर, कपाट, सीलिंग मशीन हे भांडवली खर्च. एकरकमी वजा होत नाहीत, त्यांवर घसारा मिळतो. संगणकाला ४० टक्के, यंत्रसामग्री, मोबाइल, स्कूटर यांना १५, फर्निचरला १०. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच दर. ५२ हजारांचा लॅपटॉप १० नोव्हेंबरला घेतला तर ३१ मार्चपर्यंत १४२ दिवस होतात, म्हणून २० टक्के: १०,४००. पुढच्या वर्षी ४१,६०० वर ४० टक्के: १६,६४०. मुले त्यावर अभ्यास करत असतील तर त्यांचा हिस्सा कापा. घ्यायचाच असेल तर ऑक्टोबरचे पहिले दोनतीन दिवस ओलांडू नका. आणि रोख देऊ नका. १०,००० च्या वर रोखीने दिलेली रक्कम किमतीत धरतच नाहीत, म्हणजे घसारा कायमचा गेला.

लोणची घरच्या चुलीवर होत असतील तर गॅसची बाब नाजूक आहे. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणे नियमात बसत नाही आणि नियमबाह्य गोष्टीचा खर्च कलम ३७ मध्ये मिळत नाही. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या, त्याचे बिल पूर्ण चालते. अन्नसुरक्षा नोंदणीची फी, पंचायतीचा परवाना, जाहिरातीची बिले, फोटो काढणाऱ्याचे पैसे, हिशेबनिसाची फी, बँकेचे शुल्क, धंद्याच्या कर्जाचे व्याज, सगळे चालते. आयकर, त्यावरचे व्याज, उशिरा रिटर्नची फी, कर्जाचा मुद्दलाचा हप्ता, आयुर्विम्याचा हप्ता: नाही.

मदतीला येणाऱ्या शेजारणीला मजुरी द्या, यूपीआयने, महिन्याच्या हजेरीसह. चालू बाजारभावापेक्षा जास्त रक्कम नात्यातल्या माणसाला दिली तर जास्तीची नाकारली जाते.

३१ मार्चला कोणाचे बिल थकले आहे, तेही पाहा. पिशव्यांचे कापड किंवा खोकी बनवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत उलटून बाकी राहिली, तर कलम ४३बी(एच) नुसार तो खर्च पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. नुसत्या व्यापाऱ्याच्या बिलाला हे लागत नाही. म्हणून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुरवठादारांकडून उद्यम प्रमाणपत्राची (लघुउद्योग नोंदणीची) प्रत मागवून घ्या, त्यावर ‘उत्पादक’ आहे की ‘व्यापार’ ते वाचा आणि उत्पादकांची बिले आधी फेडा.